निवडलेली भूक, लादलेली भूक : ‘अश्ता नो ज्यो’चे पुनर्वाचन

लोकप्रिय साहित्यकृतीचे पुनर्वाचन करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे एक विशिष्ट अडचण उभी राहते. अभिजात मानल्या गेलेल्या कृतीभोवती समीक्षेची परंपरा असते. तिच्याशी वाद घालीत आपले वाचन सिद्ध करता येते. लोकप्रिय कृतीभोवती असते ती तिच्या पहिल्या वाचकांची आठवण. ही आठवण समीक्षेपेक्षा चिवट असते आणि पुष्कळदा तीच त्या कृतीचा अर्थ म्हणून रूढ होऊन बसते. जपानमधील ‘अश्ता नो ज्यो’ (‘उद्याचा ज्यो’) या मुष्टियुद्धावरील चित्रकथेच्या बाबतीत असेच घडले आहे. प्रस्तुत लेखकाने ही मांगा प्रथम वाचली ती जपानी भाषा शिकत असताना, आणि काहीशा स्वार्थी हेतूने : किशोरांच्या साप्ताहिकात चिनी लिपिचिन्हांच्या कडेला त्यांचे उच्चार बारीक अक्षरांत छापलेले असतात, त्यामुळे शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही. त्या वाचनात ज्यो हा बंडखोर नायक वाटला, रिकिइशी हा त्याग करणारा महान प्रतिस्पर्धी वाटला, आणि निशी हा तर केवळ विनोदापुरता आणलेला दुबळा सोबती वाटला. अलीकडे सर्व वीस खंड पुन्हा वाचले तेव्हा ही क्रमवारी टिकली नाही. ती का टिकली नाही, आणि मुळात ती कोणी लावून दिली होती, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

प्रथम काही तपशील नोंदवणे आवश्यक आहे. (जपानी नावांत आडनाव आधी येते, येथे तोच क्रम ठेवला आहे.) कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘शूकान शोनेन मागाझिन’ या साप्ताहिकात १९६८च्या १ जानेवारीच्या अंकापासून १९७३च्या १३ मेच्या अंकापर्यंत ही कथा क्रमशः प्रसिद्ध झाली. लेखक ताकामोरी आसाओ, चित्रकार चिबा तेत्सुया. ताकामोरी हे काजिवारा इक्की (१९३६–१९८७) यांनीच घेतलेले वेगळे नाव होय. काजिवारांची बेसबॉलवरील ‘क्योजिन नो होशी’ ही कथा त्याच साप्ताहिकात १९६६पासून चालू होती, आणि एकाच अंकात एकाच नावाच्या दोन मालिका नकोत म्हणून ही सोय झाली. मुलाच्या अंगाला स्प्रिंगांचा सापळा बांधून त्याला घडवणारा बाप हा त्या कथेचा विषय. तिचे भारतीय रूपांतर २०१२मध्ये ‘सूरज : द रायझिंग स्टार’ या हिंदी सचेतपट-मालिकेत झाले, बेसबॉलचे क्रिकेट झाले आणि तोक्योची मुंबई झाली. कष्ट म्हणजेच चारित्र्य हे काजिवारांचे समीकरण आपल्याकडे किती सहज रुजू शकते हे त्यावरून दिसते. ‘ज्यो’चे रूपांतर मात्र इतके सहज झाले नसते, असे वाटते. त्याचे कारण चिबांच्या चित्रांत आहे, आणि त्याकडे पुढे यावयाचे आहे.

कथानक थोडक्यात असे : याबुकी ज्यो हा पंधरा वर्षांचा अनाथ मुलगा अनाथाश्रमांतून पळत पळत तोक्योमधील सान्या या रोजंदारी मजुरांच्या वस्तीत येतो. तेथे दारूत बुडालेला, एका डोळ्याने अधू असा तांगे दान्पेई हा माजी मुष्टियोद्धा त्याच्या ठोशातील ताकद ओळखतो. वस्तीतील पोरांना हाताशी धरून लोकांना फसवल्याबद्दल ज्योला अटक होते. कोठडीत असताना दान्पेई त्याला पोस्टकार्डांवरून मुष्टियुद्धाचे धडे पाठवतो. पुढे सुधारगृहात त्याची गाठ रिकिइशी तोरू या माजी व्यावसायिक मुष्टियोद्ध्याशी पडते आणि तेथून दोघांच्या वैराला, म्हणजेच मैत्रीला, प्रारंभ होतो.

सान्या हे कल्पित स्थळ नाही. १९६४च्या ऑलिंपिकपूर्वी तोक्योचा जो कायापालट झाला त्यासाठी लागणारे हात अशाच वस्त्यांनी पुरवले. मजुरांच्या स्वस्त निवासांना तेथे ‘दोया’ म्हणत. ‘यादो’ म्हणजे मुक्कामाची जागा, या शब्दाचीच ती उलटापालट. माणसाने राहावे अशी ही जागा नव्हे, असा कडवट विनोद तीत आहे. १९६६मध्ये पत्त्यांची फेररचना झाली तेव्हा ‘सान्या’ हे नाव अधिकृत पत्त्यांतून काढून टाकण्यात आले. म्हणजे मांगा सुरू झाली तेव्हा ती ज्या जागेची कथा सांगत होती ती जागा कागदोपत्री अस्तित्वातच नव्हती. वस्तीच्या तोंडाशी असलेल्या नामिदाबाशीचे, म्हणजे ‘अश्रूंच्या पुला’चे, नाव देहदंडाची शिक्षा झालेल्यांना तेथे नातलग निरोप देत त्यावरून पडले. खालचा ओढा केव्हाच बुजवला गेला असून आता तो एक चौक आहे. मांगात मात्र पूल शाबूत आहे, त्याच्याखाली दान्पेईची व्यायामशाळा आहे, आणि हा पूल उलट दिशेने ओलांडून जायचे हे दान्पेईने ज्योपुढे ठेवलेले स्वप्न आहे. या स्वप्नातील दिशा महत्त्वाची आहे : वस्ती बदलण्याचे ते स्वप्न नाही, वस्तीतून एकट्याने निघून जाण्याचे आहे.

आता पहिल्या वाचकांकडे वळू. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात या साप्ताहिकाचा खप दहा लाखांवर गेला होता आणि ते केवळ मुलांचे राहिले नव्हते. उजव्या हातात ‘आसाही जर्नल’ आणि डाव्या हातात ‘मागाझिन’ अशी त्या काळच्या विद्यार्थ्याची ओळख सांगितली जाई. जानेवारी १९६९मध्ये तोक्यो विद्यापीठातील यासुदा सभागृह पोलिसांनी विद्यार्थ्यांकडून परत घेतले. आंदोलन ओसरू लागले. अशा वाचकांपुढे १९७०च्या आरंभी रिकिइशीचा मृत्यू आला. ज्योशी समान गटात लढता यावे म्हणून हा उंचपुरा वेल्टरवेट मुष्टियोद्धा अन्नपाणी तोडून बॅन्टमवेट गटापर्यंत खाली येतो, आठव्या फेरीत ज्योला पाडतो, हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो आणि कोसळतो. त्यानंतर २४ मार्च १९७० रोजी कोदान्शाच्या सभागृहात त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला. कवी व नाटककार तेरायामा शूजी (१९३५–१९८३) यांनी त्यात पुढाकार घेतला होता. सुमारे ७०० लोक आले; रिंग उभारली होती, बौद्ध भिक्षूने सूत्रपठण केले, दहा आकड्यांची घंटा वाजवण्यात आली. ओसाकाचे जागतिक प्रदर्शन, संपन्न जपानचा तो महोत्सव, सुरू होऊन तेव्हा नऊच दिवस झाले होते. पुढे एका आठवड्याने, ३१ मार्चला, लाल सेना गटाच्या नऊ तरुणांनी जपान एअरलाइन्सचे ‘योदो’ हे विमान पळवले आणि अखेर ते प्योंगयांगला नेले. जाण्यापूर्वीच्या निवेदनात त्यांनी स्वतःला ‘उद्याचा ज्यो’ म्हणवून घेतले होते.

एखाद्या चित्रकथेचा इतका तीव्र स्वीकार साहित्याच्या इतिहासात विरळाच. पण स्वीकाराची तीव्रता आणि वाचनाची अचूकता या दोन भिन्न गोष्टी आहेत. तेरायामांनी रिकिइशीच्या मृत्यूचे जे विवेचन केले त्याचा मथितार्थ असा : ज्यो हा गलिच्छ वस्तीतला गनिमी लढवय्या आहे आणि रिकिइशी हा त्याने कल्पिलेला शत्रू, प्रस्थापित सत्तेचा एक आभास आहे, आभास विरला की लढणाऱ्यापुढे पोकळीच उरते. १९७०च्या पराभूत मनःस्थितीचे निदान म्हणून हे विवेचन अतिशय मार्मिक आहे, यात शंका नाही. संहितेचे वाचन म्हणून मात्र ते अपुरे वाटते. रिकिइशी सत्तेचा आभास नाही. तो सत्तेच्या पगारावर आहे. शिराकी या उद्योगपती घराण्याच्या व्यायामशाळेचा तो मुष्टियोद्धा. त्याला पाणी मिळू नये म्हणून तेथील नळ तारेने बांधले जातात ते त्याच्याच संमतीने, आणि योकोने दिलेला कोमट पाण्याचा पेला तो मोठ्या आदराने ओतून टाकतो. अतिवेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थेला नेमके असेच शरीर हवे होते : शिस्त लावून घेणारे, मागणी न करणारे, आणि मरण्यापूर्वी काम पूर्ण करणारे. लाल सेनेच्या तरुणांना आणि कारखान्याच्या व्यवस्थापकांना एकाच प्रतिमेत आपापला आदर्श दिसावा, ही त्या काळाची खरी विसंगती होय.

या त्यागाच्या उगमाची हकीकतही येथे सांगितली पाहिजे. सुधारगृहाच्या प्रसंगात चिबांनी रिकिइशीला ज्योपेक्षा पुष्कळच थोराड काढले. तो पुढे मुख्य प्रतिस्पर्धी होणार आहे याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती. मुष्टियुद्धात वजनगट आड येतो. तेव्हा चित्रातील ही विसंगती मिटवण्यासाठी काजिवारांना रिकिइशीचे वजन उतरवावे लागले. एका पिढीने ज्याच्यापुढे हात जोडले ते उपोषण अशा रीतीने हस्तकौशल्याच्या एका चुकीची डागडुजी होते. यामुळे त्याची थोरवी कमी होते असे मी म्हणणार नाही. पण त्यागाचे तत्त्वज्ञान आधी आणि प्रसंग नंतर, असा क्रम नव्हता, एवढे यावरून स्पष्ट व्हावे. तत्त्वज्ञान नंतर आले, आणि ते कोणाच्या जिवावर आले हे पाहण्यासाठी किम योंग-बिच्या प्रकरणाकडे जावे लागते.

माझ्या मते संपूर्ण मांगाचे मर्मस्थान येथे आहे, आणि पहिल्या वाचनात मी ते जवळजवळ ओलांडूनच गेलो होतो. किम हा पौर्वात्य विजेता असलेला कोरियन मुष्टियोद्धा. या सुमारास ज्योचे शरीर वाढीला लागले आहे. वजन उतरवताना त्याचे हाल होत आहेत. वरच्या गटात जा, हा दान्पेईचा सल्ला तो मानत नाही, कारण रिकिइशी त्याच्यासाठी या गटात उतरला होता. सामन्याच्या आधी किम त्याला आपली कहाणी सांगतो. कोरियन युद्धात भुकेने वेडापिसा झालेल्या या लहान मुलाने एका जखमी सैनिकाचे अन्न लुबाडण्यासाठी त्याला दगडाने ठेचून मारले. तो सैनिक त्याचा बापच होता, आणि ते अन्न तो घरच्यांसाठीच घेऊन निघाला होता. तेव्हापासून किमच्या पोटात अन्न फारसे मावतच नाही. वजनाची त्याला कधी चिंता करावी लागत नाही. पोटभर जेवणाऱ्यांची वजन घटवण्याची धडपड त्याला चैनीची वाटते.

ज्यो खचतो. रिंगमध्ये तो मार खात राहतो. मग त्याला साक्षात्कार होतो : किमला खायला मिळाले नाही, म्हणून तो उपाशी राहिला, रिकिइशीला सर्व काही उपलब्ध होते, तरी त्याने स्वतःच्या इच्छेने ते नाकारले. तेव्हा रिकिइशी श्रेष्ठ, आणि रिकिइशीने ज्याच्यासाठी हे केले त्या ज्योने किमपुढे झुकण्याचे कारण नाही. या विचाराच्या बळावर ज्यो जिंकतो.

हा युक्तिवाद नीट तपासून पाहावा. लादलेल्या भुकेपेक्षा निवडलेली भूक श्रेष्ठ, असे तो सांगतो. पण भूक निवडता येण्यासाठी आधी अन्न असावे लागते. किमपाशी ते का नव्हते? १९५०–५३च्या ज्या युद्धात तो भुकेला झाला, त्याच युद्धातील अमेरिकन लष्कराच्या खरेदीने जपानी उद्योग पुन्हा उभे राहिले हा इतिहास सर्वज्ञात आहे. आणि युद्धाच्याही आधी त्या देशावर ३५ वर्षे जपानचे राज्य होते. संहितेत याचा उच्चार नाही. कोरियन मुलाच्या भुकेची तुलना जपानी मुष्टियोद्ध्याच्या उपवासाशी होते, तीत कोरियन भूक नैतिकदृष्ट्या कनिष्ठ ठरते, आणि ती ठरवणाराही जपानीच असतो. शिवाय, आणि हे मला अधिक महत्त्वाचे वाटते, ज्यो स्वतः कोठून आला आहे? अनाथाश्रमांतून, सान्यातून, म्हणजे लादलेल्या भुकेच्याच प्रदेशातून. किमला हीन ठरवताना तो स्वतःच्या वस्तीलाही हीन ठरवतो. दान्पेईने सांगितलेला अश्रूंचा पूल तो खऱ्या अर्थाने ओलांडतो तो या क्षणी. लाल सेनेचे तरुण हे पान येण्यापूर्वीच निघून गेले होते. ते त्यांनी वाचले असते तर काय म्हटले असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

येथे चित्र आणि शब्द यांच्यातील ताण लक्षात घ्यावयास हवा. निष्कर्ष काजिवारांच्या शब्दांत आहे. परंतु किमच्या बालपणाची पाने चिबांनी ज्या संथपणे, ज्या जवळून काढली आहेत, ती या निष्कर्षाला साथ देत नाहीत. १९३९मध्ये जन्मलेल्या चिबांचे बालपण मांचुरियातील मुकदेन येथे गेले. जपानच्या पराभवानंतर एका चिनी परिचिताने त्यांच्या कुटुंबाला आपल्या घराच्या माळ्यावर लपवून ठेवले आणि १९४६मध्ये ते मायदेशी परतले. चरित्रावरून चित्राचा अर्थ लावण्याची घाई करू नये हे खरेच. तरीही भुकेल्या मुलाचा चेहरा काढणाऱ्या हाताला ती भूक ऐकीव नव्हती, एवढे म्हणता येईल. काजिवारांची कल्पना अन्न नाकारणाऱ्यांवर खिळलेली आहे. चिबांचे चित्र खाणाऱ्यांकडे आणि खायला न मिळालेल्यांकडे पुन्हा पुन्हा वळते. साची आणि तिच्याबरोबरची सान्यातील शेंबडी पोरे पहा : ती कथानकाला फारशी पुढे नेत नाहीत, पण कोणत्याही सामन्याइतकीच लक्षात राहतात. (हाच चिबांचा हात मलेशियाच्या हारिमाउचे चित्रण मात्र जंगलातील श्वापदासारखे करतो. त्या प्रकरणाचे समर्थन कोणत्याही वाचनाने होईल असे वाटत नाही, आणि मी ते करणारही नाही.)

या संदर्भात निशीचे पुनर्मूल्यमापन करावे लागते. कोठडीत ज्योला भेटलेला, पुढे त्याच्याबरोबर दान्पेईकडे राहिलेला हा आडदांड मुलगा वजन उतरवण्याच्या काळात चोरून उदोन म्हणजे गव्हाच्या शेवया खातो. ज्यो त्याला पकडतो, ठोसा मारतो आणि शेवया त्याच्या नाकातून बाहेर येतात. जपानी वाचक अजूनही हे चित्र हसत हसत आठवतात. मीही हसलो होतो. पुन्हा वाचताना मात्र या प्रसंगाची मांडणी खटकू लागली : उपाशी राहण्याला जेथे वीरत्व मानले जाते अशा विश्वात जेवणाऱ्याला विदूषक व्हावे लागते. हाताच्या दुखापतीमुळे निशी मुष्टियुद्ध सोडतो, वस्तीतील हायाशी यांच्या दुकानात राबतो आणि त्यांच्या मुलीशी, नोरिकोशी, लग्न करतो. तो पूल ओलांडत नाही. सर्व प्रमुख पुरुषपात्रांत वस्तीत राहून, वस्तीतल्यांना रोजच्या गरजेच्या वस्तू विकून, नांदता संसार करणारा तो एकटाच. संहिता त्याच्याकडे प्रेमाने पण वरून पाहते. ते वरून पाहणे स्वीकारण्याचे बंधन वाचकावर नाही.

नोरिकोचे स्थान तर याहून विलक्षण आहे. ज्योबरोबर ती एकदाच फिरायला जाते आणि त्याला विचारते : तुझ्या वयाची मुले समुद्रावर, डोंगरावर जातात, आयुष्याचा उपभोग घेतात, तू हे रक्ताने माखलेले आयुष्य का जगतोस? ज्यो उत्तर देतो ते पुढे अजरामर झाले : अर्धवट धुमसत राहणे त्याला नको, क्षणभर का होईना, लखलखीत जळून जावे आणि मागे फक्त पांढरी राख उरावी. हे उत्तर उद्धृत करणारे शेकडो आहेत. ते कोणाला दिले होते हे फारसे कोणी सांगत नाही. ते ऐकून नोरिको एवढेच म्हणते की तुझ्याबरोबर मला चालता येणार नाही, आणि पुढे निशीला वरते. म्हणजे या संहितेत ज्योच्या तत्त्वज्ञानाचा पहिला टीकाकार तिच्या आतच बसलेला आहे, आणि तिने केवळ मत दिले नाही, तर त्या मताप्रमाणे आयुष्य निवडले. ‘निवड’ हा शब्द रिकिइशीच्या उपवासासाठी राखून ठेवण्याचे काही कारण उरत नाही.

योकोबद्दल मतभेद होऊ शकतात. सुधारगृहातील मुलांपुढे ‘नोत्र दामचा कुबडा’चा प्रयोग करून त्यात स्वतः एस्मेराल्डा होणारी ही श्रीमंत मुलगी ज्योला ढोंगी वाटते, आणि १९७०च्या वाचकाने ज्योचाच डोळा उसना घेतला होता. पण व्यायामशाळेची सूत्रे हाती आल्यावर कार्लोस रिवेराला आणणारी, हारिमाउला आणणारी, ज्योला पुन्हा पुन्हा रिंगमध्ये खेचणारी योको म्हणजे एका अर्थी वाचकच आहे. पुढचा सामना तिलाही हवा असतो. कार्लोस होसे मेंदोसाशी लढून मेंदूने अधू झाल्यावर, आणि ज्योमध्येही तीच लक्षणे दिसू लागल्यावर, तिचे डोळे उघडतात. अंतिम सामन्यापूर्वी ती आपले प्रेम बोलून दाखवते आणि जाऊ नकोस म्हणून विनवते. पेला आधी रिकिइशीने ओतून दिला होता. आता ज्यो तेच करतो. तिचे ढोंग नव्हते, तिला उशीर झाला होता, असे मला वाटते. मात्र सामन्यांचा नफा शिराकींच्याच घरी जात होता हेही विसरता येत नाही, म्हणून येथे मी निर्णय देत नाही.

राहता राहिला शेवट. मेंदोसाशी पंधरा फेऱ्या लढून ज्यो गुणांवर हरतो. काजिवारांच्या मूळ मसुद्यात सामन्यात हरलास पण लढाईत जिंकलास, अशा आशयाचे काहीतरी दान्पेई बोलतो असे होते. चिबांना ते पटले नाही, आणि शेवट स्वतः करण्याची परवानगी त्यांनी मागून घेतली. मार्ग सुचेना, तेव्हा संपादकीय विभागातील सहकाऱ्याने मागचे भाग पुन्हा चाळले आणि नोरिकोबरोबरच्या त्या संवादावर बोट ठेवले. कोपऱ्यातल्या स्टुलावर मान खाली घालून बसलेला, किंचित हसणारा, पांढरा झालेला ज्यो, हे जपानी चित्रकथेतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध पान, असे पुनर्वाचनातून जन्मले. एका मुलीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर शोधून काढले गेले. प्रश्न मात्र मागच्या खंडातच राहिला. ज्यो मेला की नाही यावर अर्धशतक वाद चालला आहे आणि चिबांनी त्यावर निर्णायक उत्तर देण्याचे टाळले आहे. २०२४मध्ये जपान सरकारने त्यांना संस्कृतिसन्मान दिला, चित्रकथाकाराला प्रथमच. सान्याच्या बाजारपेठेत २०१२पासून ज्योचा पुतळा उभा आहे. अधिकृत पत्त्यांत सान्याचे नाव अजूनही नाही.

शेवटच्या पानावर ज्योखेरीज कोणीच नाही. त्याआधी काही पाने, निकाल जाहीर होण्यापूर्वी, तो हातमोजे उतरवून योकोच्या हाती देतो. ते घेऊन ती उभी असते. पुढे तिने त्यांचे काय केले हे संहिता सांगत नाही.